आधी कोणी सोडायचं

४ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. पत्राच्या वर ‘तीर्थरूप’ लिहीत नाही. मागच्या खेपेला लिहिलं तेव्हा तुम्ही तुमच्या लेकीला म्हणालात, “जावई मला तीर्थ म्हणतात आणि वर्षातून एकदाच दर्शनाला येतात.”

हे पत्र ऑफिसातून लिहितोय. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवा, पाकिटाच्या मागे आहे. घाबरू नका. कोणी आजारी नाही, भांडण नाही, तुमची बबी आणि नात दोघी ठीक आहेत. फोनवर बोललो असतो, पण तुमच्या कानांमुळे ओरडून बोलावं लागतं आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

मला नोकरी सोडावीशी वाटतेय.

माझं काम नेमकं काय, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. लग्न ठरताना ‘रंगाच्या कंपनीत केमिस्ट’ एवढं सांगितलं होतं आणि तुमच्या थोरल्या बहिणीने विचारलं होतं, “म्हणजे शिडी स्वतःची आहे का?” आता मी शेड, म्हणजे रंगछटा, तपासणीचा मुख्य आहे. माझी खोली करडी आहे. भिंती करड्या, टेबल करडं, अंगातले कोटही करडे, कारण दुसरा रंग डोळ्यांत शिरला तर तपासणी चुकते. खिडकी नाही. एका पेटीत ठरावीक उजेडाचा दिवा असतो. त्याखाली मी दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवतो. एक जुना, कंपनीने मान्य केलेला. दुसरा आज कारखान्यात झालेल्या रंगाचा. दोन्ही सारखे दिसले तर सही करायची, नाही दिसले तर रंग परत पाठवायचा. बहुतेक वेळा दोन्ही पांढरे असतात.

आलो तेव्हा वाटलं होतं, नवे रंग करीन. सुरुवातीला दोन केलेही. मग जसा वर चढत गेलो तसा रंगांपासून लांब गेलो. आता माझ्या कामाचा सगळा अर्थ एवढाच, की काल होतं तसंच आज राहिलं पाहिजे. एकोणीस वर्षं झाली. पगार चांगला आहे, खरं म्हणजे फारच चांगला आहे. घोडं तिथेच अडलंय. परवा बबीने उशांचे अभ्रे आणले आणि विचारलं, यातला कुठला बरा? मी म्हटलं, दोन्हींतला फरक चालण्यासारखा आहे. ती दोन दिवस माझ्याशी सरळ बोलली नाही.

तुम्ही तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होतात. दोन्ही बाजू ऐकून चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणारं दुसरं माणूस माझ्या माहितीत नाही. बबीला अजून बोललेलो नाही. तिच्याआधी कोणाला तरी सांगून बघावं, म्हणजे यात मूर्खपणा नेमका कुठे आहे ते कळेल, असं वाटलं.

तुमचा
जावई


१२ फेब्रुवारी

जावईबापू,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लागेना, मग कळलं की चष्मा शेजारणीचा आहे.

सासूने जावयाला चोरून ऑफिसात पत्र लिहायचं, या वयात एवढंच बाकी राहिलं होतं. पोस्टातल्या माणसाने पत्ता वाचून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने शिक्का मारला.

आमच्या कामाचा एक नियम होता. साक्षीदार जे बोलला ते टाइप करायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते नाही. तो रडला तरी आपण होऊन ‘रडला’ असं टाइप करायचं नाही. तीस वर्षं हेच केल्यामुळे माझं स्वतःचं मत विचाराल तर ते घरात कुठे ठेवलंय तेच मला आठवत नाही. प्रश्न मात्र ऐकून ऐकून पाठ झालेत. तर सांगा, सोडून करणार काय? ‘काहीतरी’ हे उत्तर चालणार नाही, वकील त्यावर तुटून पडतात. कंटाळा आलाय की आणखी काही आहे? कंटाळा मलाही यायचा. घटस्फोटाचे दावे किती रंगतदार असतात, तरी यायचा. आणि बबीला का नाही सांगितलंत? तिच्याआधी मला सांगितलंत याचा मला आनंद झाला, आणि असा आनंद होऊ नये असंही वाटलं.

मूर्खपणा एवढ्या पत्रात तरी सापडला नाही. पुढच्यात शोधते.

आई


२० फेब्रुवारी

आई,

नमस्कार. ‘काहीतरी’ नाही, ठरलेलं आहे.

गेल्या वर्षी कंपनीने मला दोन दिवस एका तंत्रशाळेत पाठवलं होतं. घरं रंगवणारे कारागीर तिथे शिकायला येतात. त्यांना रंग कसे मिसळायचे ते सांगायचं होतं. दुकानात घेतलेला पिवळा खोलीत हिरवट का दिसतो, असं एकाने विचारलं. मी फळ्यावर लिहू लागलो, मग खडू ठेवला आणि डबा उचलला. सगळ्यांना खिडकीशी नेलं, मग जिन्यात, मग ट्यूबलाइटखाली. संध्याकाळपर्यंत आम्ही वीस-पंचवीस माणसं एकच पिवळा घेऊन इमारतभर हिंडत होतो. त्या दिवशी घरी जाताना मला भूक लागली. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष. करड्या खोलीतून निघाल्यावर मला भूक लागत नाही, नुसती जेवायची वेळ होते.

तेव्हापासून दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिथे फुकट शिकवायला जातो. आता तिथल्या प्राचार्य बाईंनी जूनपासून कायम या म्हणून विचारलंय. पगार आताच्या निम्म्याहून कमी. उत्तर मार्च संपायच्या आत हवंय. आणि एप्रिलमध्ये इथे माझी बढती आहे. तीन कारखाने माझ्या हाताखाली येतील. तीन कारखाने म्हणजे तीन करड्या खोल्या.

कंटाळा नाही, भीती वाटतेय. तुमच्या नातीने परवा तिचे दोन फोटो दाखवले, एक मागच्या वर्षीचा, एक आताचा. म्हणाली, “बाबा, मी किती बदलले?” आणि मी तो फरक चालण्यासारखा आहे का ते बघत होतो.

बबीला सांगत नाही, कारण ती संध्याकाळी दवाखान्यातून येते आणि सरळ जमिनीवर आडवी होते. पाठ टेकून, डोळे मिटून, बराच वेळ कोणाशी बोलत नाही. मनासारखं काम करून दमलेलं माणूस कसं दिसतं ते तिच्याकडे बघून कळतं. दिवसभर लोकांना पुन्हा चालायला शिकवून आलेल्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू, की पांढऱ्याकडे बघून बघून माझा जीव विटलाय?

तुम्ही एवढंच सांगा. सोडू की नको?

तुमचा
जावई


२५ फेब्रुवारी

आई,

फोनवर तू नुसती ‘हं, हं’ करतेस आणि मग शेजारच्या काकूंना विचारतेस मी काय म्हणाले, म्हणून लिहितेय. कानातलं यंत्र डब्यात ठेवायला घेतलंयस का? दोन गोष्टी आहेत, एक माझी, एक त्याची.

माझी पाठ गेलीय. जगाच्या पाठी नीट करते आणि माझी कोणाला दाखवायची लाज वाटत होती. शेवटी आमच्यातल्याच एकीने बघितली आणि म्हणाली, पेशंट उचलणं बंद कर, नाहीतर दोन वर्षांत तुलाच कोणीतरी उचलेल. अर्धा दिवस काम करायची सोय आहे, पगारही अर्धा. मला ते हवंय गं. संध्याकाळी मी जमिनीवर पडते ते दमून नाही, कळ जाईपर्यंत तोंड उघडता येत नाही म्हणून. एप्रिलमध्ये याची बढती आहे. ती झाली की सांगीन. आधी सांगितलं तर तो लगेच म्हणेल, घे सोडून, आणि मग घराचा हप्ता आणि लेकीचं कॉलेज डोक्यात घेऊन रात्री छताकडे बघत बसेल.

आता त्याची. रंगाच्या कंपनीत एवढी वर्षं काढली, पण याच्या नखाला कधी रंग लागलेला मी पाहिला नाही. गेले काही महिने दर गुरुवारी लागतो. पिवळा असतो, एकदा निळा होता. शिवाय गुरुवारी हा दुप्पट जेवतो आणि भांडी घासताना गुणगुणतो. विचारलं तर म्हणाला, “कारखान्यात गेलो होतो.” कारखान्यात हा शेवटचा कधी गेला ते त्यालाही आठवत नसेल. कोणा बाईचं घर रंगवून देतोय की काय? हसू नकोस. मलाही आधी हसू येतं, मग येत नाही. पुन्हा विचारलं नाही, कारण त्याला खोटं बोलता येत नाही आणि प्रयत्न करताना त्याची फार दया येते.

यातलं काही त्याला कळवू नकोस. तुला सांगितलं म्हणजे तिजोरीत ठेवलं.

तुझी
बबी


६ मार्च

जावईबापू,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. खालच्या मजल्यावरच्या चपलांच्या दुकानात दुरुस्ती चाललीय, दिवसभर ठोकाठोक. सगळी इमारत वैतागलीय, मी एकटी सुखात आहे.

तुमचं ते जेवायच्या वेळेचं वाक्य शेजारणीला वाचून दाखवणार होते, मग आठवलं की गुपित आहे.

सोडू की नको, याचं उत्तर आज देत नाही. घाई करू नका. एप्रिल उजाडू द्या. त्या प्राचार्य बाईंना थोडं थांबा म्हणावं. आणि संध्याकाळी बबी जमिनीवर पडते तेव्हा तिच्याशेजारी जाऊन बसत जा. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं.

वर तीन वाक्यं लिहून खोडली आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नका, मी पक्कं खोडते.

आई


१४ मार्च

आई,

नमस्कार. पत्र मिळालं आणि समजलं.

‘एप्रिल उजाडू द्या’ म्हणजे बढती पदरात पडू द्या. तुमचं चूक नाही. तुम्ही मुलगी दिलीत ती कंपनीतल्या माणसाला, तंत्रशाळेतल्या मास्तराला नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही तीन वाक्यं खोडली असती. राग नाही, खरंच नाही.

काल प्राचार्य बाईंना ‘नाही’ कळवलं. थांबा म्हणून कोणाला लटकवून ठेवणं मला जमत नाही. त्या म्हणाल्या, “बरं. पण कारागीर तुमच्याबद्दल विचारतील.” मी म्हटलं, गुरुवारी येत जाईन, तर म्हणाल्या, “आता नवीन माणूस येईल, त्याला विचारून सांगते.”

तुम्ही सांगितलंत तसं बबीच्या शेजारी जाऊन बसलो. डोळे न उघडता म्हणाली, “काय हवंय?” म्हटलं, काही नाही. म्हणाली, “मग ऊठ, पंख्याचा वारा अडतोय.”

या विषयावर आता पत्र नको. तुम्ही ऐकून घेतलंत हेच पुष्कळ.

तुमचा
जावई


१९ मार्च

जावईबापू आणि बबी,

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचायचं. एकाने वाचून दुसऱ्याला सारांश सांगायचा नाही. नातीला बाहेर पाठवा किंवा बसू द्या, तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

बबी, तुझा नवरा कुठल्याही बाईचं घर रंगवत नाहीये. तो दर गुरुवारी तंत्रशाळेत रंगाऱ्यांना शिकवतो आणि तिथून भूक घेऊन घरी येतो. त्यांनी त्याला कायमची नोकरी देऊ केली होती, निम्म्याहून कमी पगाराची. त्याला ती फार हवी होती. कंपनीत त्याचा जीव गुदमरतोय.

जावईबापू, तुमची बायको जमिनीवर समाधानाने पडत नाही. तिची पाठ गेलीय आणि तिला अर्धा दिवस काम करायचंय. तुमच्या बढतीची वाट बघत ती दात आवळून बसलीय. ‘एप्रिल उजाडू द्या’ हे मी त्यासाठी लिहिलं होतं. तुम्हाला ‘सोडू नका’ असं सांगायचं नव्हतं आणि तिचं गुपितही फोडायचं नव्हतं. दोन्ही सांभाळायला गेले आणि तुम्ही तिकडे नाही कळवून मोकळे झालात.

गेले कित्येक दिवस मी दोघांची बाजू ऐकून घेत होते आणि गप्प होते. कोर्टात ते बरोबर होतं, तिथे समोर न्यायाधीश बसलेला असायचा. इथे मी तशीच वाट बघत बसले आणि फार उशिरा लक्षात आलं, की निकाल द्यायला खोलीत कोणी आलेलंच नाही.

तर दोघांनाही सोडायचंय. एकदम दोघांना जमणार नाही, एवढं मलाही कळतं. आधी कोणी सोडायचं हे तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ज्याचं मागे राहील तो मला आयुष्यभर बोलेल, आणि ते वाजवीच असेल.

जावईबापू, मुलगी देताना मी कंपनी बघितली नव्हती. तुमच्या हातून चहा सांडला होता. तुम्ही इकडेतिकडे न बघता उठून फडकं मागितलंत आणि स्वतः पुसलंत. मी ते बघितलं होतं. तुमच्या त्या वाक्याचा मला राग आलाय, तो भेटीत काढीन.

आई


२८ मार्च

आई,

मी तुझ्यावर रागावलेय. त्याच्यावर जास्त.

त्याला नोकरी सोडायचीय म्हणून नाही, पगार कमी होईल म्हणूनही नाही. सतरा वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाने ही गोष्ट मला न सांगता पाकिटात घातली, तिकीट लावलं आणि दुसऱ्या गावी धाडली, म्हणून. हे त्याला म्हटलं तर म्हणतो, “तूही आईंनाच सांगितलंस.” म्हटलं, ती माझी आई आहे. तर म्हणाला, “माझी नाही?” याचा मला आणखी राग आला.

तीन दिवस आम्ही लेकीमार्फत बोललो. ‘बाबांना सांग दूध संपलंय’, ‘आईला सांग आणलंय’. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “मी काय पोस्ट ऑफिस आहे? आजीला ते जमलं नाही, आता माझ्या मागे लागलात.” आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मी जमिनीवर पडले होते तर तो येऊन शेजारी आडवा झाला. पंख्याचा वारा अडणार नाही असा. वर बघून म्हणाला, “हे छत किती वाईट रंगवलंय.” मला हसू आलं, हसल्यामुळे कळ आली, आणि कळ आली म्हणून रडूच फुटलं. मग त्याने विचारलं, कुठे दुखतं, दाखव. मी दाखवलं.

आता बोलतोय. ठरत मात्र काही नाही. आधी तू, नाही आधी तू, असं चाललंय. दोघंही इतके उदार झालोय की त्यावरून भांडण होतंय.

बबी


१० एप्रिल

आई,

नमस्कार. ठरलं. बबी आधी.

कसं ठरलं ते सांगतो. भांडणाला अंत नव्हता, म्हणून एका दुपारी रजा टाकून मी तिच्या दवाखान्यात गेलो आणि बाकावर बसून राहिलो. इतक्या वर्षांत तिचं काम मी कधी पाहिलंच नव्हतं. एका धिप्पाड माणसाला ती खुर्चीतून उभं करत होती. त्याला सारखं “छान, छान, जमतंय” म्हणत होती आणि तो वळला की तेवढ्यात खालचा ओठ दातांत धरत होती. त्याला ते दिसत नव्हतं, मला दिसलं. घरी आल्यावर म्हटलं, आता चर्चा नको. माझं मन आणखी काही दिवस थांबेल, तुझी पाठ थांबणार नाही. तिने मान्य केलं, पण अट घातली की मी बढती घ्यायची नाही आणि जायची वेळ आत्ताच ठरवायची. लेकीची शाळा संपते तेव्हा, म्हणजे दोन वर्षांनी.

साहेबांना तसं सांगितलं. म्हणाले, “लोक महिन्याची सूचना देतात, तुम्ही दोन वर्षांची देताय?” म्हटलं, बायकोला शब्द दिलाय. मला वाटतं त्यांनी संध्याकाळी घरी जाऊन हे सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून तेच पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात.

तंत्रशाळेतली जागा गेली. नवीन माणूस चांगला आहे, मी भेटलो. त्याने गुरुवार मला ठेवलाय. दोन वर्षांनी तिथे जागा असेल की नसेल, कोणी सांगू शकत नाही. मी दोन तुकडे शेजारी ठेवल्याशिवाय सही न करणारा माणूस. हातात काही नसताना ठरवून टाकायची ही पहिलीच वेळ. झोप लागतेय, याचं नवल वाटतं.

त्या वाक्याबद्दल माफ करा. फडकं मागितल्याचं मला आठवत नाही, पण चहा सांडल्याचं आठवतंय.

तुमचा
जावई


१८ एप्रिल

जावईबापू,

आशीर्वाद. फेब्रुवारीत तुम्ही माझं मत मागितलं होतं. आता सापडलंय. उशीर झाला म्हणून देऊ नये असं थोडंच आहे.

तुम्ही ती नोकरी सोडावी असं मला वाटतं. तुमच्या पहिल्या पत्रापासून वाटत होतं.

दोन वर्षं थांबताय, त्याचं बबीची आई म्हणून मला बरं वाटतं आणि तुमची आई म्हणून वाईट वाटतं. एकाच माणसाला दोन्ही एकदम वाटतं, असं मला कोर्टात कधी टाइप करावं लागलं नाही. इथे लिहून ठेवते.

माफी मिळाली. राग भेटीपर्यंत ठेवलाय, या लवकर.

आई


९ मे

आई,

अर्ध्या दिवसाचा पहिला आठवडा संपला. दुपारी दोनला घरात. पहिल्या दिवशी काय करावं कळेना, म्हणून कपाटं आवरायला घेतली. पाठीने असं काही सुनावलं की मुकाट बसले. आता बसायला शिकतेय. पुस्तक घेऊन खिडकीशी बसते आणि समोरच्या इस्त्रीवाल्याकडे बघत राहते. कळ पुष्कळ कमी आहे.

आज हा सहाला आला. मी म्हटलं, बस, तुझा दिवस कसा गेला ते सांग. म्हणाला, “ठीक.” म्हटलं, ठीक नको, सकाळपासून सांग. म्हणाला, “अगं, काही विशेष नाही.” म्हटलं, तेच सांग.

सांगितलं. सकाळी एक पांढरा आला. तो जरा उबदार आहे की जरा थंड, यावर तीन माणसांची बैठक झाली. मग डोळ्यांना विश्रांती म्हणून तिघं करड्या भिंतीकडे बघत बसले. मग पुन्हा तोच पांढरा. दुपारी दुसरा पांढरा. तो पहिल्यासारखा नव्हता, पण तो तसा नसायलाच हवा होता. संध्याकाळी कळलं की सकाळचा तुकडा भलत्याच डब्यातला होता, म्हणून उद्या सगळं पुन्हा.

आई, इतकी वर्षं मी रोज त्याला विचारते, कसा गेला दिवस, आणि ‘ठीक’ ऐकून स्वयंपाकाला लागते. आज पहिल्यांदा सगळं ऐकलं. मला जांभई आली. मी दाबली. दुसरी दाबता आली नाही. ती बघून हा इतक्या समजूतदारपणे म्हणाला, “राहू दे, पुढचं उद्या सांगतो.” तेव्हा मला कसंतरीच झालं. पुढचं उद्या, त्याच्या पुढचं परवा, असं दोन वर्षं.

तेव्हापासून विचार करतेय. पाठ अशीच सुधारली तर दिवाळं न निघता काहीतरी जमवता येईल. दवाखान्यात नव्या मुलींना शिकवायचं काम असतं, त्यात कोणाला उचलायचं नसतं. सहा महिन्यांनी ते घेतलं तर माझा दिवस पाऊण होतो. गाडी विकू. ती आम्ही चालवतो कमी आणि धुतो जास्त. मग पुढच्या जूनला तंत्रशाळा उघडेल त्याआधी याला मोकळं करता येईल. तिथे जागा नसली तर दुसरीकडे शोधेल. पन्नास ठिकाणी नको म्हणाले तरी त्याला भूक तरी लागेल.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, “एकदाचं. आता तूच सांग बाबांना, मी जाणार नाही.”

त्याला अजून सांगितलेलं नाही. तो स्वयंपाकघरात आहे. थांब, सांगून येते.

सांगून आले. त्याने आधी विचारलं, “पाठीचं काय?” म्हटलं, पाठीला विचारूनच ठरवलंय, तिचं म्हणणं पडलं की तू घरात असा चेहरा घेऊन वावरलास तर तिला जास्त त्रास होतो. मग तो नळ सोडून त्याच्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, पाणी वाया जातंय. नळ बंद केला, डोळे बाहीला पुसले आणि म्हणाला, “भाजी चिरू का?”

चिरतोय. एवढी जाड चिरतोय की शिजायला रात्र होणार. मी काही म्हणत नाहीये.

तुझी
बबी